सांगून जाणारी बॅटरी

“ह्यो न सांगता जातोय,” बाई म्हणाल्या आणि काखेतली कापडी पिशवी त्यांनी काउंटरवर ठेवली.

मला वाटलं नवऱ्याचं सांगताहेत, नाहीतर मुलाचं. आमच्या दुकानात माणसं कॉम्प्युटर दाखवायला यायची आणि अर्धा वेळ घरातलं गाऱ्हाणं सांगत बसायची. मी म्हटलं, “कोण जातो, आक्का?”

“कोण म्हंजे? ह्यो.” त्यांनी पिशवीतून एक जुनापुराणा लॅपटॉप काढला. एका बाजूची बिजागरी तुटलेली, ती त्यांनी गोधडीच्या दोऱ्यानं शिवल्यासारखी बांधली होती. “चांगला चालत असतोय, आन् एकदम डोळे मिटतोय. म्हातारं माणूससुदिक जायच्या आधी जरा घरघर लावतंय. ह्याला तेवढीबी माणुसकी न्हाई.”

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. साठीच्या पुढच्या, काटक, कपाळाला विभूतीची पुसट रेघ, गळ्यात इष्टलिंगाची डबी. नाव भागीरथी तोडकरी. अख्खी गल्ली भागाक्का म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागलो.

ही गोष्ट मी बार्शीत नोकरीला होतो तेव्हाची. मी मूळचा चिपळूणकडचा, आडनाव शिगवण. दुकानाचा मालक सोलापुरात बसायचा आणि इथलं सगळं माझ्या गळ्यात घालून मोकळा झाला होता. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. बायकोला, नयनाला, बार्शी मानवली नाही. नळाला रोज पाणी येत नाही हे ऐकून ती आधी हसली, मग तोंड फिरवून रडली. दुपारी फुफाटा उडायला लागला की खिडक्या लावून अंधारात बसायची. गणपतीला म्हणून चिपळूणला माहेरी गेली. मीच स्टँडवर सोडायला गेलो होतो. गाडी सुटताना रीतीप्रमाणे दोन शब्द झाले आणि गाडी गेली. मग गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीचे आकाशकंदीलही लोकांनी उतरवले. खानावळीतला वाढपी विचारायचा, “वहिनी कधी येणार?” मी म्हणायचो, “येईल की.” फोनवर ती बोलायची, पाऊसपाणी सांगायची. कधी येणार ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, विचारायची भीती वाटायची. खोलीवर गेलं की भिंती खायला उठायच्या, म्हणून मी दुकान उगाच उशिरापर्यंत उघडं ठेवायचो.

तर भागाक्कांचा लॅपटॉप. चार्जर काढून मी तो चालू ठेवला आणि बघत बसलो. कोपऱ्यातला आकडा हळूहळू उतरत पस्तिसाच्या आसपास आला आणि पडदा फटकन काळा झाला.

“बघितलंस?” भागाक्का म्हणाल्या. “असंच. तोंडातला शब्द तोंडात ऱ्हातोय.”

“बॅटरी म्हातारी झालीय, आक्का. ती खोटं सांगतेय. आत काहीच उरलेलं नसतं आणि वर पस्तीस दाखवते. दहा टक्के राहिले की इशारा द्यायचा असं यात ठरवलेलं आहे. पण दहा येईपर्यंत ही जगतच नाही, मग इशारा देणार कोण?”

“मग नवी घाल.”

“हे मॉडेल फार जुनं आहे. बॅटरी पुण्याहून मागवावी लागेल. या आठवड्यात काही ती यायची नाही.”

“मग झालंच की,” त्या म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. चेहरा इतका उतरला की मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

पाणी पिऊन त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ सिद्राम, जन्मापासून ऐकू न येणारा, मिरजेकडच्या एका संस्थेत राहायचा. तरुणपणीच तिथल्या खडूच्या कारखान्यात कामाला लागला तो तिथलाच झाला. भागाक्का लवकर विधवा होऊन माहेरी आल्या आणि डाळमिलमध्ये डाळ निवडून त्यांनी त्याला वाढवलं होतं. आता त्यांना छातीचं दुखणं, प्रवास बंद. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर हात नीट दिसत नाहीत म्हणून बहिणीच्या नातवानं हा लॅपटॉप दिला, मोबाइलवरून नेट जोडून दिलं आणि दर गुरुवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावायचा हे शिकवून गेला. गुरुवारी संस्थेच्या कारखान्याला सुट्टी असायची आणि वॉर्डन लोहारबाई सिद्रामला ऑफिसात आणून बसवायच्या. घरातलं कुणीच शाळेत गेलं नव्हतं, त्यामुळे भावाबहिणीची हातवाऱ्यांची भाषा त्यांची स्वतःची होती. लोहारबाईंनाही ती धड कळायची नाही.

“गुरुवारी दुपारी तर आपल्याकडे लाइटच नसते,” मी म्हटलं.

“तेच तर. लाइट न्हाई म्हणून वट्ट्यावर उजेडात बसायचं आन् ह्याच्या बॅटरीवर बोलायचं. मागच्या खेपेला मधीच गेला. त्याच्या आदल्या खेपेलाबी. सिद्रामनं हाय खाल्ली. दोन दिस जेवला न्हाई. दारात बसून ऱ्हायला, कुणी बोलावलं तर उठंना. लोहारबाईचा फोन आला, म्हणाल्या, मावशी, तुमचं बोलणं झालं की ह्यांना असा त्रास हुतोय, आणिक एकदा असं झालं तर आपण हे बोलणंच थांबवू. बाईचंबी चुकत न्हाई. त्याला भरवायला कोण बसणार?”

“पण एवढं काय? लॅपटॉप बंद पडला, इतकंच ना.”

“तुला इतकंच,” भागाक्का म्हणाल्या. “त्याला काय वाटतंय ते त्यालाच ठावं.”

मी पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन इशाऱ्याचा आकडा दहावरून पन्नासावर नेला. सूचना बंद होती, ती सुरू केली. त्यांना म्हटलं, आता हा सांगेल. पन्नासाला सांगितलं की तुमच्या हातात चांगली दहा मिनिटं असतील. त्या लॅपटॉप पिशवीत घालून, “बघू आता ह्याला काय अक्कल येती का,” म्हणत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो तर पायरीवर भागाक्का.

“न्हाई सांगितलं,” त्या म्हणाल्या. “शेजारच्या पोरीला बसवून बोलून बघितलं. तसाच गेला.”

मी चक्रावलो. दुकानात लावून बघितला तर सूचना बरोब्बर येत होती, टुंग आवाजासकट. भागाक्का म्हणाल्या, “तुझ्याम्होरं शहाण्यावानी वागतोय. सासरी एक, माहेरी एक.” शेवटी बुधवारी दुपारी, लाइट गेल्यावर, मीच त्यांच्या घरी गेलो.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे मातीचा वट्टा. एका स्टुलावर लॅपटॉप, समोर घोंगडीवर भागाक्का. मी म्हटलं, “तुम्ही गुरुवारी बसता तश्शाच बसा. मी माझ्या मोबाइलवरून कॉल लावतो आणि गल्लीच्या तोंडाशी थांबतो. मला सिद्राम समजा.”

“तुझं तोंड त्याच्यावानी सरळ न्हाई,” त्या म्हणाल्या, पण बसल्या.

मी गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली उभा राहिलो. मोबाइलच्या पडद्यावर भागाक्का. आधी जरा लाजल्या, मग हात हलू लागले. काय सांगत होत्या मला कळत नव्हतं. वाटी, चूल, पाऊस असं काहीतरी असावं. दुकानात फटकळ वाटणारी बाई हातांनी बोलताना अगदी वेगळी, हळवी दिसत होती. इतकं मन लावून माझ्याशी कुणी बोलून कितीतरी दिवस झाले होते, आणि तेही माझ्याशी नव्हतंच. मी बघत राहिलो. त्यांचा एक हात वर गेला, तिथेच थिजला आणि पडदा काळा झाला.

त्या माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होत्या. तरी मी पळतच वट्ट्यावर आलो. भागाक्का ठणठणीत होत्या, काळ्या पडद्याला शिव्या देत होत्या.

लाइट नव्हतीच, म्हणून मी सोबत नेलेली दुकानातली, जेमतेम पाच-दहा मिनिटं टिकणारी पॉवर बॅकअपची पेटी लावली आणि लॅपटॉप सुरू करून बघितला. दोन गोष्टी दिसल्या. पडदाभर कॉल लावला की बाकीच्या सूचनांना गप्प बसवायचं, अशी सोय त्यात चालू होती. आणि आवाज पूर्ण बंद होता.

“आवाज कुणी बंद केला, आक्का?”

“म्या. सिद्रामला ऐकू येत न्हाई, मी तोंडानं बोलत न्हाई. आमच्या दोघात आवाज कशाला?”

दुकानात मी दर वेळी सवयीनं आवाज चालू करत होतो आणि घरी गेल्यावर त्या नेमानं बंद करत होत्या. कपाळाला हात लावायचा तेवढा राहिला. मी म्हटलं, “आणि हा कोपरा? इथे बारीक आकडा असतो, त्याच्याकडे कधी बघता का?”

“त्याचे हात बघू का कोपरा बघू?”

हे खरंच होतं. मी म्हटलं, “थांबा. कोपऱ्यात नको. पडद्याच्या बरोबर मध्ये पाटी येईल, सगळ्याच्या वर, असा एक छोटा प्रोग्रॅम लिहून देतो. आवाजही मोठा ठेवू. पण मला एक सांगा, इशारा मिळाला की तुम्ही करणार काय? कॉल तर संपणारच.”

“संपू दे की. मला फक्त एवढं करायचंय.” त्यांनी उजवा पंजा छातीवर ठेवला, पुढे नेला, आणि परत छातीवर आणला.

“म्हणजे?”

“म्हंजे, येते.” त्यांनी पुन्हा एकदा केलं. “हात जातोय आन् माघारी येतोय. आमची आई रानात जाताना त्याला हे करायची. त्यानंबी करायचं, मग ती उंबरा ओलांडायची. आन् एकदा ती तापानं पडली, तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेली. शुद्धच नव्हती, हात कोण उचलणार? सिद्राम दारातच उभा होता. ती माघारी आलीच न्हाई. लहान पोराला हातानं कसं सांगावं, मरण म्हंजे काय? कुणाला जमलं न्हाई. त्यानं आपला त्याचाच हिशेब बांधला. हात करून गेलं, ते येणार. न करता गेलं, ते मेलं.”

मग मला कळलं. दोन गुरुवार सिद्रामनं बहिणीला मरताना बघितलं होतं. लॅपटॉप बंद पडला म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगायला कोणाकडे शब्द नव्हते.

लाइट आल्यावर मी तिथेच बसून प्रोग्रॅम लिहिला. भागाक्कांनी गूळ-शेंगदाणे पुढे ठेवले. त्यांना साक्षरतेच्या वर्गात अक्षरओळख झाली होती, अक्षर लावून वाचता यायचं, म्हणून पाटी मराठीत, टपोऱ्या अक्षरांत ठेवली. काय लिहावं? पहिल्या दिवसापासून त्यांचं पालुपद चाललं होतं, न सांगता जातो. म्हटलं, म्हातारीला जरा हसवू. मी टाइप केलं आणि पाटी आणून दाखवली.

भागाक्का बोट लावून वाचू लागल्या. “आक्का... बॅटरी... संपली. मी... जाते.” बोट तिथेच थांबलं. “जाते?”

“हो. आता सांगून जाईल.”

“आरं, जाते असं कुणी म्हणतंय का?” त्या खरंच दुखावल्या होत्या. “घरातनं निघताना माणूस येते म्हणतंय. जाते म्हणू ने. तुमच्या कोकणात ही रीत न्हाई व्हय?”

“आहे की.”

“मग हात कसा वळला तुझा?”

मी ती अक्षरं खोडू लागलो. लहानपणी ‘आई, मी जातो’ म्हटलं तर आईनं दारातून परत बोलावून ‘येतो म्हण’ असं बजावलं होतं, कितीतरी वेळा. हात कसा वळला हे मला चांगलं माहीत होतं. गेले दोन-अडीच महिने माझ्या कानात तोच एक शब्द बसला होता आणि मी त्याच्याकडे लक्ष द्यायचं टाळत होतो.

“बायको म्हणाली होती,” मी म्हटलं. “गाडीत बसल्यावर. जाते म्हणाली.”

हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. स्वतःलाही. भागाक्कांनी शेंगदाण्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

“आन् तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार,” मी म्हटलं आणि पाटीवर नवी अक्षरं लिहिली. आक्का, बॅटरी संपत आली. येते.

त्यांनी बोट लावून वाचलं, मान डोलावली.

गुरुवारी दुपारी दुकानाला कुलूप घालून मी त्यांच्या वट्ट्यावर, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बाजूला बसलो. भागाक्कांनी इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. कॉल लागला. आधी लोहारबाई दिसल्या. त्या म्हणाल्या, “मावशी, आज बघू. नाहीतर मग खरंच नको.” मग त्यांनी सिद्रामला समोर बसवलं. पांढऱ्या खुरट्या दाढीचा, खांदे पडलेला माणूस. तो पडद्याकडे बघेना. बघितलं तेव्हा असं, की समोरची बाई खरी आहे की नाही याची त्याला खात्री नाही.

भागाक्का हातांनी बोलू लागल्या. बराच वेळ तो नुसता बघत होता. मग त्याचा एक हात हलला. मग दोन्ही हलले. मग दोघं एकमेकांना अडवून, भांडल्यासारखं बोलू लागले. वट्ट्यावर चिटपाखराचा आवाज नव्हता आणि तिथे नुसता कल्ला चालला होता.

तेवढ्यात लॅपटॉप जोरात वाजला. गल्लीतलं कुत्रं उठून पळालं. पडद्याच्या मध्ये पाटी आली, सिद्रामच्या छातीवर.

भागाक्का दचकल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी पाटी बाजूला केली. त्यांनी पंजा छातीवर ठेवला, पुढे नेला, माघारी आणला.

सिद्राम हलला नाही.

त्यांनी परत केलं. तो बघत होता फक्त. मी आकड्याकडे बघितलं, आकडा बेताल उतरत होता. “आक्का, फार वेळ नाही,” मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा पंजा छातीवर, पुढे, माघारी. मला वाटलं, आता हा लॅपटॉप जाणार, तिसऱ्यांदा मरणार ही बाई त्याच्यापुढे, आणि याला जबाबदार माझी पाटी.

सिद्रामनं हात उचलला. छातीवर ठेवला. पुढे नेला, आमच्याकडे, पडद्याला लागेल इतका पुढे. आणि सावकाश माघारी आणला.

भागाक्कांनी मान हलवली आणि स्वतःच्या हातानं लॅपटॉप मिटला.

थोड्या वेळानं लोहारबाईंचा फोन आला. “मावशी, चहा पितायत. खडूची पेटी मागतायत, सुट्टी आहे म्हटलं तर ऐकत नाहीत.” भागाक्का, “बरं बरं,” म्हणाल्या, फोन ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

मी चप्पल घातली. “येतो, आक्का.”

“ये, लेकरा,” त्या म्हणाल्या.

मी वट्टा उतरलो, कडुनिंबापर्यंत आलो आणि तिथेच थबकलो. येतो म्हटलं की ये म्हणायचं. विचार करावा लागत नाही, तोंडातून जातंच. दोन-अडीच महिन्यांपूर्वी स्टँडवर माझ्याही तोंडातून तसंच गेलं होतं.

दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसून मी चिपळूणला फोन लावला. नयनानंच उचलला.

“नयना, त्या दिवशी स्टँडवर तू जाते म्हणालीस.”

पलीकडे तिची आई कुणाला तरी हाक मारत होती.

“ऐकलं होतंत तुम्ही?”

“ऐकलं होतं.”

“मग ‘ये’ का म्हणालात?”

“सवयीनं,” मी म्हटलं.

“मला वाटलं, ऐकूच गेलं नाही. परत म्हणणार होते, तर गाडी हलली.” ती रागानं बोलत नव्हती. तेच अवघड होतं. “फोनवर रोज ठरवते सांगायचं. तुम्ही विचारतच नाही हो. माझ्यानं नाही जमणार तिथे. तुमच्यात काही खोट नाही, तसं नका मनाला लावून घेऊ.”

“नाही लावून घेत.”

“जेवलात?”

“जेवेन आता.”

“बरं. ठेवते मग.”

‘ये’ अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

“ठेव,” मी म्हटलं.